पडद्यावरचं प्रेम आणि कचेरीतली नोंद

गेला महिनाभर रात्रीची जेवणं आटोपली की मी एक चिनी मालिका बघतेय. ‘हिडन लव्ह’. 2023 सालची, 25 भागांची. ओळखीतल्या कॉलेजच्या पोरींनी इतक्यांदा नाव घेतलं की म्हटलं, बघू तरी काय आहे. गोष्ट साधी आहे. सांग झी नावाची शाळकरी मुलगी मोठ्या भावाच्या कॉलेजातल्या मित्रावर, द्वान ज्यास्यूवर, मनातल्या मनात जीव टाकते. कुणाला सांगत नाही. पुढे मोठी होते, तो राहतो त्या शहरात शिकायला जाते आणि मग हळूहळू दोघांचं जमतं. सासूचे कट नाहीत, विषाचा पेला नाही, दर दोन मिनिटांनी ढगांचा गडगडाट नाही.

एक गंमत सांगते. ही सांग झी त्याला हाक मारते ‘गगअ’, म्हणजे दादा. आपल्याकडे एकदा दादा म्हटलं की विषय संपला, पुढच्या राखीपौर्णिमेची तयारी. तिकडे तसं नाही. ‘गगअ’ सख्ख्या भावालाही म्हणतात आणि वयानं थोड्या मोठ्या, आवडणाऱ्या मुलालाही.

तुम्ही म्हणाल, एरवी पाणीपट्टी आणि शाळांच्या पटसंख्येवर लिहिणारी बाई आज मालिकांवर कुठे घसरली? थांबा जरा. ही मालिका बघताना मला तीन गोष्टी खटकल्या, आणि तिन्हींचं उत्तर शोधायला गेलं की चीनच्या शंभर वर्षांच्या सार्वजनिक इतिहासात जावं लागतं.

पहिली गोष्ट. मुलगी शाळेत असेपर्यंत प्रेम पूर्णपणे तिच्या पोटात राहतं. ती सज्ञान झाल्यावरच पुढची पावलं पडतात. दुसरी, तिला सख्खा मोठा भाऊ आहे. ज्या काळात ती जन्मली त्या काळात चीनच्या शहरांत दुसरं मूल होऊ द्यायला कायद्यानं बंदी होती, अपवाद सोडले तर. आणि तिसरी, ती दोघं ज्या शहरांत राहतात ती शहरं नकाशावर नाहीत. नावं बनवलेली आहेत.

प्रेमाची गोष्ट सांगताना एवढी सावधगिरी का? कारण चीनमध्ये लग्न ही दोन माणसांची, फार तर दोन घरांची बाब कधी राहिलीच नाही. लग्न केव्हा करायचं, मुलं किती, घटस्फोट किती दिवसांनी, यात सरकारचा हात कायम आहे. आणि त्या त्या काळात पडद्यावर जे प्रेम दिसलं, ते त्या हाताच्या बोटांमधून निसटलेलं प्रेम आहे.

सुरुवात 1919 पासून करू. नोव्हेंबर महिना, छांगशा शहर. झाओ आडनावाची एक तरुणी. आईबापांनी ठरवलेलं लग्न तिला नको होतं. तिला पालखीत बसवून सासरी पाठवलं, आणि त्या पालखीतच तिनं गळ्यावर पाती फिरवून जीव दिला. त्या शहरातल्या एका पंचविशीतल्या शिक्षकानं या मृत्यूवर वर्तमानपत्रात एकामागून एक लेख लिहिले. मुद्दा असा की, या मुलीला तिच्या भोवतालच्या समाजानं मारलं. तिचे आईबाप, सासरचे आणि चालीरीती यांनी मिळून तिला कोंडलं होतं. त्या शिक्षकाचं नाव माओ त्सेतुंग.

तीस वर्षांनी तोच माणूस सत्तेवर आला. नव्या राजवटीनं केलेल्या अगदी पहिल्या मोठ्या कायद्यांपैकी एक होता विवाह कायदा, 1 मे 1950 पासून लागू. ठरवून लादलेलं लग्न बंद. रखेल ठेवणं बंद. बालविवाह बंद. विधवेच्या पुनर्विवाहात आडवं येणं बंद. लग्नाच्या नावाखाली पैसे उकळणं बंद. मुलगा 20 वर्षांचा, मुलगी 18 वर्षांची हवी, दोघांची संमती हवी, आणि नोंदणी सरकारी कचेरीत. बाईलाही घटस्फोट मागता येईल.

कागदावर हे किती मोठं होतं ते वेगळं सांगायला नको. गावोगावच्या बायका कचेऱ्यांमध्ये आल्या. काही वर्षांतच घटस्फोटाचे दावे लाखांनी गेले. आणि त्याची किंमतही बायकांनीच मोजली. नवऱ्यानं, सासरच्यांनी, कधी गावच्या पुढाऱ्यांनी मारहाण केली, हजारोंच्या संख्येनं बायका मारल्या गेल्या किंवा त्यांनी जीव दिला. हे त्या वेळच्या सरकारी अहवालांतच आहे. म्हणून 1953 च्या मार्च महिन्यात सरकारला देशभर या कायद्याच्या प्रचाराची मोहीम काढावी लागली.

या सगळ्याच्या थोडं आधीची एक आपल्या माणसाची गोष्ट इथे आठवते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. तिथेच परिचारिका असलेल्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी 1941 मध्ये लग्न केलं. दोघांच्या मर्जीचं, युद्धाच्या धामधुमीतलं. मुलाचं नाव ठेवलं यिनह्वा. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘ह्वा’ म्हणजे चीन. 1942 च्या डिसेंबरात डॉक्टर गेले. व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर सिनेमा काढला तो आपल्या आजी-आजोबांनी पाहिला. म्हणजे चिनी प्रेमकथा महाराष्ट्रात काही आज आलेली नाही.

तर 1950 च्या कायद्यानं लग्न आईबापांच्या हातून काढलं. पण ते गेलं कुठे? मुला-मुलीच्या हातात पूर्ण आलंच नाही. मधल्या मधे ते ‘तानवेइ’च्या हातात गेलं. तानवेइ म्हणजे तुमचं कामाचं ठिकाण: कारखाना, शाळा, दवाखाना, कचेरी. घर तेच देणार, रेशनचं तेच बघणार, आणि लग्नाच्या नोंदणीला जाताना चिठ्ठीही त्यांचीच लागणार. साहेबानं चिठ्ठी दिली तर लग्न. ही अट किती वर्षं टिकली माहितीये? ऑक्टोबर 2003 पर्यंत! मोबाइल आले, इंटरनेट आलं, तरी लग्नाला साहेबाची चिठ्ठी होतीच.

पडद्यावर काय होतं या काळात? सांस्कृतिक क्रांतीच्या दहा वर्षांत, 1966 ते 1976, मोजकी ‘आदर्श’ नाटकं आणि नृत्यनाट्यं पुन्हापुन्हा दाखवली जायची. त्यांतल्या नायक-नायिकांना बहुधा जोडीदारच नसतो. नवरा असला तर लांब कुठेतरी. एका प्रसिद्ध नाटकात आजी, बाप आणि मुलगी अशा तीन पिढ्या एका घरात आहेत, पण रक्ताचं नातं एकाचंही दुसऱ्याशी नाही. क्रांतीनं जोडलेलं कुटुंब. नवरा-बायकोचं प्रेम म्हणजे लक्ष विचलित करणारी गोष्ट, म्हणून कथेतून बायको नाहीतर नवरा गायब.

मग 1980 मध्ये एक सिनेमा आला, लूशान डोंगरावरच्या प्रेमाचा. अमेरिकेहून आलेली मुलगी, तिचे वडील पूर्वी च्यांग कै-शेकच्या बाजूचे सेनापती. मुलगा कम्युनिस्ट सेनापतीचा. त्यात नायिका नायकाच्या गालाचं चुंबन घेते. गालाचं. पण देशभर चर्चा झाली, कारण इतक्या वर्षांत पडद्यावर कुणी कुणाला हातही लावला नव्हता. त्या डोंगरावरच्या एका चित्रपटगृहात हा सिनेमा पुढे अनेक दशकं रोज लावत राहिले, त्याचा जागतिक विक्रम नोंदला गेला.

आता योगायोग बघा. ज्या वर्षी पडद्यावर चुंबन आलं त्याच वर्षी नवा विवाह कायदा आला. लग्नाचं वय वाढवून मुलासाठी 22 आणि मुलीसाठी 20 केलं. आजही तेच आहे. आणि त्याच सुमारास ‘एकच मूल’ हे धोरण देशभर लागू झालं. म्हणजे प्रेम करायला परवानगी मिळाली, आणि त्या प्रेमाचं पुढे काय व्हावं त्याचा आकडा सरकारनं ठरवला. दंड, नोकरीवर गदा, सक्तीचे गर्भपात, सक्तीच्या शस्त्रक्रिया. हे पस्तीस वर्षं चाललं.

दूरदर्शन संच घरोघर आल्यावर 1990 मध्ये ‘खवांग’ नावाची 50 भागांची मालिका आली. खवांग म्हणजे आस, ओढ. नायिका ल्यू ह्वेइफांग ही कारखान्यातली कामगार. शिकलेल्या, घरच्यांवर संकट आलेल्या मुलाशी लग्न करते, रस्त्यावर सापडलेलं मूल वाढवते, सगळ्यांसाठी झिजते, आणि शेवटी तिच्या पदरात काहीच पडत नाही. मालिकेच्या वेळी रस्ते ओस पडायचे. तिएनानमेनच्या गोळीबाराला तेव्हा दीडच वर्ष झालं होतं. वरच्या पुढाऱ्यांनी या मालिकेचं जाहीर कौतुक केलं. का करणार नाहीत? सोसणारी, तक्रार न करणारी बाई कुठल्या सरकारला आवडत नाही! आपल्याकडेही अशा नायिकांची वाण नाही, त्यामुळे जास्त बोलत नाही.

पुढची पिढी मात्र सोसणाऱ्या बाईवर खूश नव्हती. 2001 मध्ये तैवानमध्ये ‘मीटिऑर गार्डन’ आली. जपानी कॉमिकवर बेतलेली. गरीब घरची तापट मुलगी आणि श्रीमंत घरची चार लांब केसांची मुलं. मुख्य भूमीवर ती दाखवायला लागले आणि मार्च 2002 मध्ये सरकारनं थांबवली. तरुणांवर वाईट परिणाम होतो म्हणे. मग काय, रस्त्यावर मिळणाऱ्या चोरट्या व्हीसीडींवर अख्ख्या देशातल्या पोरांनी पाहिली. सोळा वर्षांनी, 2018 मध्ये, हीच गोष्ट चीनमधल्याच वाहिनीनं नव्यानं बनवली, मूळ कथेतली दांडगाई बरीच सौम्य करून. बंदी घातलेली गोष्ट धुऊन, इस्त्री करून घरात आली.

याच मधल्या काळात दुसरं काहीतरी मोठं घडत होतं, ते म्हणजे घरांचे भाव. 1998 मध्ये कामाच्या ठिकाणाकडून घर मिळण्याची पद्धत बंद झाली. घर आता बाजारात घ्यायचं. आणि लग्नाच्या बाजारात ‘मुलाचं घर आहे का?’ हा पहिला प्रश्न झाला. 2009 च्या ‘वो च्यू’ या मालिकेत हे सगळं उघडं पडलं. नावाचा अर्थ गोगलगायीच्या शंखाएवढं घर. मोठी बहीण फ्लॅटच्या पहिल्या हप्त्यासाठी तडफडते आणि धाकटी बहीण एका बड्या अधिकाऱ्याच्या जाळ्यात जाते. लोकांनी डोक्यावर घेतली, अधिकाऱ्यांनी टीका केली, बीजिंगमध्ये एका वाहिनीनं मध्येच थांबवली. पुढच्या वर्षी लग्न जुळवण्याच्या एका कार्यक्रमातल्या तरुणीचा शेरा सगळ्यांच्या तोंडी झाला: सायकलवर बसून हसण्यापेक्षा बीएमडब्ल्यूत बसून रडलेलं बरं. झालं, लगेच सरकारनं अशा कार्यक्रमांसाठी नियम काढले.

आणि मुलींना काय मिळालं? एक नवीन शिवी. ‘शंगन्यू’, म्हणजे उरलेली बाई. सत्ताविशी उलटून लग्न न झालेल्या मुलीसाठी. 2007 मध्ये शिक्षण मंत्रालयानं नव्या शब्दांच्या यादीत हा शब्द घेतला, आणि बायकांसाठी असलेल्या सरकारी महासंघाच्या संकेतस्थळावरच शिकलेल्या मुलींना ‘फार निवड करत बसू नका’ असे सल्ले यायला लागले. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायद्याचा अर्थ लावला की लग्नाआधी ज्यानं घर घेतलं आणि ज्याच्या नावावर आहे, घटस्फोटात साधारणपणे ते त्याचंच. घर बहुतेक वेळा मुलाच्या नावावर. मुलीनं फर्निचर, रंगरंगोटी, हप्ते यांत घातलेल्या पैशांचा हिशेब मागताना तिच्या नाकी नऊ येणार.

आता परत आपल्या मालिकेकडे या.

2010 नंतर ज्या गोड-गोड प्रेममालिका आल्या, त्यांच्या बहुतेक कथा इंटरनेटवर लिहिलेल्या कादंबऱ्यांमधून आल्यात. लिहिणाऱ्या बहुतांश बायका, वाचणाऱ्या बायका. ‘हिडन लव्ह’ही तशीच. या मालिका आणि सरकार यांच्यामध्ये नियमांची मोठी चाळणी आहे. 2016 च्या सुमारास एक नियमावली जाहीर झाली. त्यात काय दाखवायचं नाही याची यादी: विवाहबाह्य संबंध, एका रात्रीचे संबंध, समलिंगी संबंध, आणि अल्पवयीन मुलांचं प्रेम. चिनी शाळांमध्ये याला ‘लवकरचं प्रेम’ म्हणतात आणि शिक्षक त्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. पुढे 2020 मध्ये मालिका 40 भागांच्या आत, शक्यतो 30 च्या आत ठेवा असं सांगितलं गेलं. 2021 मध्ये ‘बायकी’ दिसणारे पुरुष पडद्यावर नकोत असा आदेश निघाला. 2022 पासून इंटरनेटवरच्या मालिकांनाही सरकारी परवाना सक्तीचा झाला.

माझ्या पहिल्या खटक्याचं उत्तर या यादीत आहे. सांग झीचं प्रेम लपलेलं आहे ते तिच्या लाजाळूपणामुळे, हे खरंच. पण नियमही तेच सांगतो. मालिकेचं नाव आणि सरकारी अट एकमेकींत इतकी बेमालूम बसली आहेत की शिवण दिसत नाही. मोठ्या भावाचंही तसंच. शहरात दुसरं मूल म्हणजे दंड, नाहीतर एखादा अपवाद. यांच्या घरी काय झालं, आईबापांनी किती भरले, एक शब्द नाही. आणि शहराचं नाव बनावट ठेवलं की अमुक शहरात असं होतं का, असं विचारायला जागाच उरत नाही.

ज्या गोष्टी या मालिकांत नाहीत त्यांची यादी केली तर ती फार बोलकी होते. फ्लॅटचा हप्ता फारसा नाही. नोकरीच्या मुलाखतीत ‘मूल कधी?’ हा प्रश्न नाही. सकाळी 9 ते रात्री 9, आठवड्याचे सहा दिवस काम, ज्याला तिकडे ‘996’ म्हणतात, ते नाही. आणि जे आहे ते काय? न ओरडणारा पुरुष. तो विचारतो, ऐकतो, वाट बघतो. ‘हिडन लव्ह’मधला नायक स्वतः वडिलांच्या अपघाताच्या भरपाईचं ओझं वाहतोय, पण ते तिच्यावर टाकत नाही. पोरी यावर जीव का टाकतात ते मला भाग दहा-बारापर्यंत नीट कळलं. त्याच्या श्रीमंतीचा फारसा संबंध नाही. त्याच्या शेजारी तिला भीती वाटत नाही, ही खरी गोष्ट आहे.

आता आकडे बघा. 2013 मध्ये चीनमध्ये सुमारे 1 कोटी 34 लाख जोडप्यांनी लग्नाची नोंद केली. 2024 मध्ये सुमारे 61 लाख. अकरा वर्षांत निम्म्याहून खाली. 2016 मध्ये पावणेदोन कोटींहून जास्त मुलं जन्मली, 2023 मध्ये सुमारे 90 लाख. याला एक कारण साधं आहे: एकाच मुलाच्या धोरणामुळे लग्नाच्या वयाची पोरंच कमी आहेत. पण ज्या आहेत त्याही कचेरीत जायला उत्सुक नाहीत. लग्नाच्या गोष्टी रात्र रात्र जागून बघतात, आणि लग्न करत नाहीत.

सरकारनं सूर बदललाय. 2016 पासून दोन मुलं चालतील, 2021 पासून तीन. 2023 मध्ये राष्ट्राध्यक्ष शी चिनफिंग यांनी महिला महासंघाच्या नेत्यांना सांगितलं की लग्न आणि मुलं यांची नवी संस्कृती रुजवा. मे 2025 पासून लग्नाची नोंदणी देशात कुठेही करता येते, गावाकडची वही घेऊन पळावं लागत नाही. लग्न सोपं केलं. घटस्फोट मात्र अवघड केला: 2021 पासून दोघांच्या संमतीनं अर्ज केला तरी 30 दिवस थांबायचं, आणि त्या दिवसांत एकानं जरी माघार घेतली तरी अर्ज रद्द. मारकुट्या नवऱ्याच्या बायकोला या 30 दिवसांचा अर्थ विचारा. कोर्टात जायची वाट तिला खुली आहे असं सांगतात, पण पहिल्या खेपेला कोर्ट बहुधा नाहीच म्हणतं.

एवढंच कशाला, 2024 च्या शेवटी मोबाइलवरच्या मिनिटा-दोन मिनिटांच्या मालिकांनाही समज देण्यात आली: दमदाटी करणारा अब्जाधीश मालक आणि त्याच्या प्रेमात पडणारी गरीब मुलगी असल्या कथा आवरा. म्हणजे स्वप्नात कुणी यावं, यावरही कागद निघाला.

आपल्याकडचं एक सांगून थांबते. 2020 मध्ये गलवाननंतर आपल्या सरकारनं चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात नोव्हेंबरच्या यादीत चिनी मालिका दाखवणारी ॲपही होती. तरी आपल्या पोरी या मालिका दुसऱ्या वाटांनी बघतातच. बघू देत. फक्त, हे बघून चीन असाच गोड आणि मोकळा आहे असं समजू नका. आणि ‘पोरी वेळ फुकट घालवतात’ असंही म्हणू नका.

1919 मध्ये पालखीतल्या त्या मुलीला नको म्हणायचा एकच मार्ग उरला होता. आज तिची पणती म्हणावी अशा वयाची मुलगी शहरात नोकरी करते, रात्री हातात मोबाइल घेऊन पंचवीस भाग बघते आणि मनाशी पक्कं करते की असा माणूस मिळाला तर ठीक, नाहीतर कचेरीत सही नाही. तिला ना पाती लागली, ना मोर्चा. ती नुसती जात नाही. आणि ज्या सरकारनं आईबापांच्या हातून लग्न काढून घेतलं, साहेबाच्या चिठ्ठीत अडकवलं, एका मुलावर बांधलं आणि आता तीन हवीत म्हणून हात जोडले, त्याच्याकडे या न जाण्यावर अजून तरी उपाय नाही.